दोडामार्गहून उत्तर येतंय

आमच्या कुडाळच्या कार्यालयात साहेब आले की खुर्चीत बसायच्या आधी विचारायचे, “दोडामार्ग जिवंत आहे का?” मी युनिक्सच्या काळ्या पडद्यावर पिंग लिहून दोडामार्ग शाखेतल्या संगणकाचा पत्ता टाकायचो. तिकडून एकाखाली एक ओळी उमटू लागल्या की म्हणायचो, “जिवंत आहे, साहेब.”

पिंगला उत्तर यंत्र देतं, माणूस नाही. माणूस बघायचा तर त्या संगणकात शिरून आणखी एक आज्ञा द्यावी लागे, नुसतं एक अक्षर, डब्ल्यू. कोण लॉगिन आहे आणि त्याने कीबोर्डला हात लावून किती वेळ झाला, ते दिसे. तिथला माझा मित्र लॉगिन तसंच ठेवून दुपारी हद्दीपलीकडे गोव्यात एखादा पेग मारून यायचा. परतला की फोन.

“सायबान इचारल्यान काय रे?”

“इचारल्यान. तू बॅकअप घेतस म्हणान सांगलंय.”

“तुका पुढच्या खेपेक बाटली.”

ती बाटली कधी आली नाही.

त्या शनिवारी दोडामार्गला अर्धा दिवस होता. बॅकअपसाठी तो एकटाच मागे थांबला होता. दुपार कलल्यावर वालावलहून त्याच्या बायकोचा फोन आला. “भावजी, ह्यांचो फोन येवक नाय. मी लावलंय तर कोण उचलणा नाय. जरा बगशात?”

पिंग केलं, उत्तर आलं. डब्ल्यू दिलं. त्याचं नाव होतं, पण जेवणाच्या वेळेपासून कीबोर्डला हात लागला नव्हता. साहेब शेजारच्याच टेबलाशी. मी ताडलं, गेला असणार पलीकडे. म्हणालो, “सगळा चालू आसा, वहिनी. कामात आसत.”

संध्याकाळी कुलूप लावायला आलेल्या शिपायाला तो खुर्चीखाली पडलेला दिसला. अर्धं अंग गेलं होतं. गोव्यातले डॉक्टर म्हणाले, दुपारीच आणायला हवं होतं.

तो वाचला. उजवा हात गेला, बरेचसे शब्दही. पुढे भेटायला गेलो तेव्हा त्याने कष्टाने विचारलं, “डब्ल्यू... मारलंस?”

“नाय रे. नुसता पिंग.”

त्याने मान हलवली. वहिनी मात्र येईल त्याला सांगत राहिल्या, भावजींनी लगेच चौकशी केली म्हणून. मी ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं, चतुर्थीला त्यांच्या हातचे मोदक खाल्ले. मित्राला सांभाळून घेतलं, अशी स्वतःची समजूत घालत आलो. खरं तर शाखेसमोरच्या दुकानात एक फोन करून कोणाला तरी आत डोकावायला सांगता आलं असतं. साहेबांच्या देखत तो करायचा नव्हता, एवढंच.

गेल्या महिन्यात वालावलला ओसरीवर बसून वहिनींना हे सांगून टाकलं. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मगे कामात आसत म्हणान कित्याक सांगलास?”

“सायबाक कळता नये म्हणान.”

“तो सायब खंय आसा आता?”

मला ठाऊक नव्हतं.

आतून त्याने आवाज दिला. शब्द फुटत नव्हता, पण कोण आलंय, हेच विचारत होता. मी वहिनींकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बगतास? तुमीच जावा,” त्या म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी आत जाऊन त्याच्या खाटेशी बसलो.

“मारललंय रे,” म्हणालो. “डब्ल्यू.”