सिरसाळ्याची न पडलेली इमारत

बिभीषणनं आजवर बऱ्याच बहुमजली इमारतींची डिझाईनं केली, त्यातली एकही पडली नाही. जी पडणार म्हणून त्यानं गाव हादरवलं, तीही पडली नाही. त्याचं खरं दुखणं तेच आहे.

तेव्हा तो बीडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. मजल्यांचं डिझाईन पुढच्या वर्षी शिकवायचे, पण लायब्ररीतलं जाड पुस्तक चाळून गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. साल दुष्काळाचं. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, शेतात काडी नाही, घराघरात चूल पेटायची ती दुधावर. सिरसाळ्याची दूध सोसायटी त्याच्या धोंडीराममामानं उभी केलेली. इमारत तीन मजली: खाली दूध संकलन, वर पेंडीचं गोदाम, त्यावर सभेचा हॉल. मामाचा जीव तिच्यात.

सुट्टीत आलेल्या बिभीषणला खालच्या मजल्यावर खांबाला लागून भिंतीत उभी भेग दिसली, बोट जाईल एवढी. पुस्तकातलं आठवेल ते सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि म्हणाला, "मामा, खांब सुटलाय. आजच रिकामी करा, माणसं मरतील."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थांब बाबा, कुणाला तरी दाखवू. पण आपल्याकडं भाच्याचा मान मोठा. मामानं शब्द खाली पडू दिला नाही. फॅट मोजायचं मशीन, कॅन, पेंडीची पोती टेम्पोत भरून शेतातल्या शेडवर धाडली आणि शटर ओढलं.

गावानं एवढंच पाहिलं: मशीन टेम्पोत, शटर खाली. त्याच साली शेजारच्या गावची सोसायटी लोकांचे दुधाचे पैसे बुडवून अशीच टेम्पोत बसून निघून गेली होती. मग भेगेचं कोण ऐकतंय? "धोंडीराम बी गेला," अशी बोंब उठली. खाजगी डेअरीची गाडी स्टँडवर टपलेलीच होती. आठवडाभरात सगळं दूध तिकडं गेलं, आणि सोसायटीचा काटा निघाल्यावर डेअरीनं भाव पाडला. लोकांनी मुकाट घातलं. सोसायटी बसली, ती पुन्हा उठली नाही. इमारत मात्र जागची हलली नाही.

पुढच्या वर्षी सरांनी फळ्यावर मजले काढले. स्लॅबचं वजन बीमवर, बीमचं खांबावर, खांबाचं पायावर. बिभीषणनं भीतभीतच विचारलं, "सर, खांबाला लागून भिंतीत उभी भेग असेल तर?"

"लिंपून टाकायची," सर हसले. "उन्हाळ्यात काळी माती आकसते, वीट आणि काँक्रीटचा सांधा उघडतो. भिंत काय उचलते तिथं? नुसता आडोसा असतो तो."

वर्गही हसला. बिभीषणला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तरी गावात त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. पास झाला, पुण्यात दहा-दहा मजल्यांचे हिशेब करू लागला. गावी आला की मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ह्याच्यामुळं माणसं वाचली." आणि पारावर कुणीतरी पुटपुटायचं, "म्हाताऱ्यानं मशीन इकून खाल्लं." बिभीषण दोन्ही ऐकायचा आणि छबुमामीच्या हातची भाकरी खायचा.

परवाच्या दिवाळीत मात्र त्यानं सांगून टाकलं. "मामा, खांब सुटला नव्हता. माझंच चुकलं."

"ठावं हाय," मामा सुपारी कातरत म्हणाला. "म्हैन्याच्या आत सरकारी इंजिनेर बघून गेलते."

"मग लोकांना सांगितलं कावून न्हाई? चोर म्हणतात तुमाला!"

"सांगितलं आसतं तर तुला येडा म्हणले आसते. तुजं शिक्षण व्हायचं व्हतं. मला चोर म्हणलं काय अन् साव म्हणलं काय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिभीषण तडक स्टँडवरच्या हॉटेलात गेला आणि बसलेल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "मामानं काही खाल्लं नाही. इमारत चांगली होती, मीच चुकीचं सांगितलं. सोसायटी माझ्यामुळं बुडाली."

मग म्हातारा तात्याबा उठला, त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "एवढा शिकलेला माणूस, मामाची अब्रू झाकाया सोताला येडा म्हणून घ्यायलाय. भाचा आसावा तर आसा!"

बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि कुणीतरी त्याच्यापुढं चहा सरकवला.