साका बसू द्या

भिंतीला कान लावणाऱ्यातली मी नव्हे. पण भिंतच पत्र्याची असेल, तर माणसानं कान काढून ठेवायचे कुठे? वेफर्सच्या कारखान्यात मी पाकिटं बंद करायची. पत्र्याच्या पलीकडे, चिरलेले बटाटे धुवायच्या हौदावर, माझी थोरली जाऊ. एका सकाळी तिची आणि मुकादमाची जुंपली.

"बाई, हौद रिकामा करायला सांगितला होता. बादल्या मांडून काय बसलात?"

"साका बसतोय."

"बसू दे, नाहीतर उभा राहू दे! ते पाणी गटारात ओता."

"ओतून ओतूनच गटार तुंबलं ना? नोटीस तुमच्याच टेबलावर आहे."

नोटीस खरी होती. बटाट्याचं दुधाळ पाणी गल्लीच्या गटारात जायचं आणि तळाला सिमेंटसारखं थापून बसायचं. शेजारीपाजारी बोंब मारत होते. महिन्याभरात हे थांबलं नाही तर कारखान्याला कुलूप.

"मला पंधरा दिवस द्या," जाऊ म्हणाली. "या पाण्यातून खाण्याजोगं पीठ काढून दाखवलं नाही, तर आपणहून काम सोडते."

माझ्या हातातलं पाकीट उलटंच बंद झालं. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि ही काम सोडायच्या पैजा लावतेय!

तिला अक्षर येत नव्हतं. मला येतं तेही चौथीपुरतंच. पण तिच्या हातांना सगळं कळायचं. पाणी निवळलं की वरचं अलगद ओतायची, ताजं घालून ढवळायची, पुन्हा वाट बघायची. असं तीनदा. तोवर बादलीला कुणी नुसता पाय लावला तरी त्याची धडगत नसे. शेवटी तळाशी पांढराशुभ्र थर उरे, खडूसारखा तुटणारा. तोच साका.

नवव्या दिवशी मात्र ती फसली. लवकर वाळावा म्हणून तिनं ओला साका तळणीच्या कढईशेजारच्या तापल्या पत्र्यावर पसरला. तासाभरात त्याची चिकट खळ झाली. उलथनं अडकलं ते निघेचना.

"छान!" मुकादम हसला. "आता भिंतीवर कागद चिकटवा."

घरी आल्यावर मी म्हटलं, "जाऊबाई, पाया पडते, त्याची माफी मागा."

"माफी कशाची? उलट कळलं. ओल्याला आच सोसत नाही, वारा हवा."

"आणि वारा कुठून आणणार?"

"तुझ्या टेबलावर पंखा आहे की!"

पुढचे सहा दिवस मी घामानं निथळत पाकिटं बंद केली आणि माझा पंखा पलीकडे पिठाला वारा घालत होता.

पंधराव्या दिवशी तिनं चिमूटभर पीठ कानाशी धरून बोटांनी दाबलं. कर्र वाजलं. "वाळलं," म्हणाली, आणि मूठभर पीठ मुकादमाच्या तळहातावर ठेवलं. त्यानं हुंगलं, जिभेला लावलं.

"याला चवच नाही."

"म्हणून तर कशातही चालेल."

मुकादम ते दोन गल्ल्या पलीकडच्या बिस्किटवाल्याकडे घेऊन गेला. बिस्किटवाल्यानं थोडं कणकेत मिसळून घाणा काढला, एक बिस्कीट मोडलं, आवाज ऐकला आणि विचारलं, "रोज किती मिळेल?" मग सूपची पूड करणाराही आला. गटार वाहतं झालं, कुलूप लागलं नाही, आणि मुकादम ज्याला त्याला सांगू लागला की ही कल्पना त्याचीच.

"म्हणू दे गं," जाऊ म्हणायची. "त्याला करकर ऐकू येते का, ते विचार."

बावीस वर्षं तिनं तो साका सांभाळला. नंतर वाळवायचं यंत्र आलं, त्यावर लाल आकडे आले. तिचं काम सुटलं, पण कारखान्यातली सकाळची फेरी सुटली नाही.

देवाघरी गेली त्या दिवशीही सकाळी निघालीच. दम लागत होता. मी म्हटलं, "आज दुसऱ्या कुणाला पाठवा."

"कान कुणाचा पाठवू?"

मी सोबत गेले. यंत्रावरची शिकलेली मुलगी म्हणाली, "आजी, आकडा बरोबर आहे, वाळलंय."

जाऊनं चिमूट कानाशी धरली. "अजून ओल आहे. अर्धा तास वारा दे."

मुलीनं बटण दाबलं. जाऊनं हात झटकले, बाहेर येऊन रोजच्यासारखं गटाराच्या जाळीतून खाली वाकून पाहिलं. पाणी नितळ होतं.

"चल," म्हणाली, आणि माझ्यापुढे चालू लागली.