आमच्या मराठी वर्गाची रीच

किस्से शोधत फिरावं लागत नाही, कमिटीत राहिलं की आपोआप जमतात. ग्वाल्हेरच्या खासगी बाजार भागातल्या आमच्या मराठी मंडळाचा मी चिटणीस. मला मोबाइल चांगला येतो असा कुणाचा तरी गैरसमज झाला, आणि मंडळाचं पेज माझ्या गळ्यात पडलं.

कारण गंभीर होतं. कुंदाताईंच्या मराठी वर्गात मुलं उरली तीन. अध्यक्ष आप्पांनी सांगून टाकलं, "पाडव्यापर्यंत दहा झाली नाहीत तर वर्ग बंद." वीस वर्षं शिकवणाऱ्या ताई फळा पुसत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

ताईंचा नियम एकच. तोंडून हिंदी वाक्य गेलं की तेच मराठीत पाच वेळा म्हणायचं. ग्वाल्हेरात हा नियम मला लावला तर माझा दिवस पुरायचा नाही.

*

पहिलं केलं पोस्टर. आप्पा म्हणाले, अकराही पदाधिकाऱ्यांचे फोटो हवेत, नाहीतर माणसं रुसतात. फोटो लावल्यावर वर्गाची वेळ लिहायला जागाच उरली नाही. लाइक आले अकरा.

*

मग कळलं, फोटो चालत नाही, रील चालतं. तीस सेकंदांचं. पण दीपप्रज्वलनाशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही, आणि पंखा बंद करायचं कुणाला सुचलं नाही. चौथी काडी पेटली तेव्हा रील संपलं होतं. कमेंट एकच आली, "भाईसाहब, पंखा कौनसी कंपनी का है?"

*

मग सरकवत वाचायच्या दहा स्लाइड. नऊ स्लाइडभर मंडळाचा इतिहास, दहावीवर वर्ग. गावातल्याच इंदरगंजहून एका गृहस्थांचा फोन आला, मी खूश. ते म्हणाले, "चौथ्या स्लाइडवर आमच्या आजोबांचं नाव राहिलंय."

*

शेवटी लाइव्ह. वर्ग जसाच्या तसा दाखवला, बघणारे चार. वर्ग सुटल्यावर मी फोन खिडकीत ठेवून चहाला गेलो. लाइव्ह बंद करायचं राहून गेलं. तेवढ्यात आप्पा आत आले आणि म्हणाले, "ताई, आता हॉल सोडा. हळदीकुंकवाला लागेल."

कुंदाताई जन्मात पहिल्यांदा भडकल्या. "आप्पा, ग्यारह पदाधिकारी और तीन बच्चे! बंद ही करना है तो पहले कमेटी बंद कीजिए!"

दोन दिवसांत गावात पार हजीरा भागापर्यंत सगळ्या मोबाइलवर तोच व्हिडिओ. सोमवारी दारात चौदा नवी मुलं, आईबापांसकट. आप्पाही हार घेऊन हजर, कारण वर्ग वाचवल्याचं श्रेय अर्थातच कमिटीचं.

ताईंनी खडू उचलला, तोच पहिल्या बाकावरची, जुन्या तिघांतली ओवी उभी राहिली. वय वर्षं सात. "ताई, त्या दिवशी तुम्ही हिंदी बोललात."

ताईंनी खडू खाली ठेवला आणि आप्पांकडे वळल्या. "आप्पा, अकरा पदाधिकारी आणि तीन मुलं. बंदच करायचं असेल तर आधी कमिटी बंद करा." एकदा झालं, दोनदा झालं. आप्पा हार धरून उभेच.

चौथ्यांदा झाल्यावर ते हळूच म्हणाले, "राहू द्या ताई, पोचलं."

ओवी म्हणाली, "अजून एक राहिलंय."