काहिलीचं शीड

धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमची वस्ती बुडाली नाही, हाच आमचा गुन्हा. बुडाली असती तर मोबदला तरी मिळाला असता. पाणी तिन्ही बाजूंनी आलं, मागं बिनवाटेचा माळ उरला, आणि औंढ्याचा रस्ता राहिला समोरच्या काठावर. पूल मागितला तर साहेब म्हणाले, नाव देऊ. नाव मागितली तर म्हणाले, पुलाचा विचार चालू आहे. म्हणून आम्ही गुळाच्या काहिलीतून ये-जा करायचो. गुऱ्हाळ पाण्याखाली गेलं होतं. उसाचा रस आटवायची ती लोखंडी गोल काहील तेवढी उरली होती. तिच्यात बसायचं आणि फळकुटांनी पाणी मागं लोटायचं. स्वतंत्र देशातली ही आमची वाहतूक.

मी तेव्हा कॉलेज सोडून चळवळीत होतो. पत्रकं लिहायचो, फलक रंगवायचो. घरात दादा आणि वहिनी. वहिनी सातवी पास. आमच्या वस्तीत तेवढं शिकलेली बाई दुसरी नव्हती. तिला नर्सच्या ट्रेनिंगसाठी हिंगोलीला मुलाखतीचं बोलावणं आलं. वयाच्या अटीत ती त्याच सालापुरती बसत होती. पुढल्या साली दार बंद. सकाळची औंढ्याची गाडी गाठली तरच ती वेळेत पोचणार होती.

आणि पश्चिमेचं वारं सुटलं. श्रावणातलं, दिवसरात्र एकसारखं वाहणारं. रस्ताही पश्चिमेलाच. आदल्या दिवशी दादानं काहील घालून पाहिली. जेवढं पाणी मागं लोटावं तेवढं वारं आम्हाला मागं लोटत होतं.

"न्हाई जमत," दादा ओला होऊन वर आला. "वारं पडेपर्यंत गप बसा."

"वाऱ्याच्या विरुद्ध जाता येतं," मी म्हणालो. "शास्त्र आहे ते."

"हे तुझं पत्रक न्हाई. पाणी हाय."

पण मला खरंच माहीत होतं. वसतिगृहात कोकणातला एक सोबती होता. त्यानं सांगितलं होतं की शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, तिरपी जाते. थोडं जाऊन वळते, दुसऱ्या अंगानं तिरपी जाते, आणि अशी नागमोडी करत वारा येतो तिकडंच सरकते. कशी, ते त्यानं ओला चिंचोका चिमटीत दाबून दाखवलं. दोन्हीकडून दाब आला की चिंचोका सटकन पुढं पळतो. होडीचंही तसंच. वारा शिडाला एकीकडून दाबतो आणि पाणी होडीखालच्या उभ्या फळीला दुसरीकडून. हा चिंचोका मी पुढं प्रत्येक भाषणात वापरला. फळी मात्र गाळायचो. फळीवर टाळ्या पडत नाहीत.

शिडाला कापड हवं होतं. वस्तीत तेवढं मोठं कापड एकच, आमचा मोर्चाचा फलक: 'पूल द्या, नाहीतर खुर्च्या सोडा.' त्याला भोकं होती. फलकाला भोकं पाडावीच लागतात, नाहीतर वाऱ्यानं तो फाटतो. वहिनीनं संध्याकाळी बसून जुन्या लुगड्याचे तुकडे लावून एकेक भोक बुजवलं.

सकाळी काहिलीत दोन बांबू बांधून फलक ताणला. वहिनी ठेवणीतलं पातळ नेसून, फळकूट घेऊन मधोमध बसली, दादा आणि मी दोन अंगांना. काठावरून शेजारची म्हातारी ओरडली, "काहून रे पोरा, आता पाण्यातून मोर्चा काढून राहिला का?"

"व्हय, मावशे. तुमीबी चला," मी ओरडलो.

"मला मरायला जागा हाय घरी."

फलकात वारं भरलं आणि काहील जी फिरली, ती जात्यासारखी गरगर फिरली. गोल भांड्याला ना पुढा ना पाठ. दादा मला शिव्या घालत होता. काहील कलंडली तेव्हा वहिनीनं घाबरून आपलं फळकूट बाहेरच्या अंगाला पाण्यात उभं खुपसलं आणि दोन्ही हातांनी आवळून धरलं. फिरणं थांबलं. काहील थरथरली आणि तिरपी पुढं निघाली.

"तसंच धरा वहिनी! सोडू नका!"

"भावजी, हे चाललं की!"

चाललं होतं. दादाचं फळकूटही मी तसंच उभं लावलं. थोडं जायचं, फलक फिरवायचा, फळकुटं दुसऱ्या अंगाला घ्यायची, की पुन्हा तिरपं. मधे मधे हातानं लोटायचं. काठ खरोखर जवळ येत होता. दादा शिव्या थांबवून हसायला लागला होता. मी आयुष्यात इतका आनंदी क्वचित झालोय.

तेवढ्यात गाडी आली. थांब्यावर ती हळू झाली. आम्ही ओरडलो, वाऱ्यानं आमचं ओरडणं आमच्याच मागं नेलं. मी फलक उंच धरला, दिसावं म्हणून. तो दिसला. खिडक्यांतून माणसं बोट दाखवून वाचत होती. ड्रायव्हरनंही मान काढून वाचलं, मान आत घेतली आणि गाडी पळवली.

वहिनीनं फळकूट वर घेतलं. मग काहील आपोआप फिरली आणि वाऱ्यानं आम्हाला घरी आणून सोडलं. परतीला काहीच करावं लागलं नाही.

बाजारच्या दिवशी औंढ्याच्या स्टँडवर तो ड्रायव्हर सापडला. मी त्याचा शर्ट धरायचंच तेवढं बाकी ठेवलं.

"मागल्या महिन्यात तुमीच गाडी अडवली ना भाऊ, पुलासाठी?" तो म्हणाला. "पाशिंजर मलाच बोलले. तुमचं फडकं दिसलं की आता आपण थांबत न्हाई."

"बाई चढायची होती. मुलाखत होती तिची."

"मंग तसं लिवायचं न्हाई का?"

त्याच्यावर पत्रक काढायचं? गाडी अडवली नसती तर पूल मागितला कसा असता? आजही माझ्याजवळ उत्तर नाही आणि पूलही नाही.

दिवाळीनंतर आमचा पुढचा मोर्चा निघाला. भोकं बुजलेला तो फलक वाऱ्यानं असा फुगला की बांबू धरणारे दोघं मागं ओढले गेले. पोरं म्हणाली, उद्या पुन्हा निघायचंय, उसवा ते तुकडे. मी फलक घरी आणला, सुई हातात घेतली, आणि तसाच बसून राहिलो.

वहिनी भाकरी थापत होती. तिनं पाहिलं, हात धुतले.

"द्या इकडं," ती म्हणाली. "तुमाला उद्या लागंल."

आणि दातांनी एकेक टाका तोडायला बसली.