किल्ल्यावरचा स्कॉटिश सरदार

इंग्लंडमध्ये, आमच्या स्लाऊला दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे कडाक्याच्या थंडीत चिखल तुडवायचा. पण सासरे पुण्याहून आलेले आणि माझी नऊ वर्षांची लेक हट्टाला पेटलेली, मग माझं कोण ऐकतंय! आजोबा-नातीने बॅक गार्डनमध्ये विटा रचल्या, चिखल थापला, वर हळीव पेरले. बुरूज मात्र झकास जमले.

सासऱ्यांनी महाराजांची मूर्ती स्वेटरमध्ये गुंडाळून आणली होती. ती घेऊन ते बाहेर गेले, तर किल्ल्यावरच्या गादीवर आधीच कोणीतरी उभं. लेकीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी एका स्कॉटिश सरदाराचं चरित्र वाचलं होतं, तेव्हापासून घरात त्याचंच पारायण चालू होतं. एडिंबराहून आणलेला किल्टमधला बाहुला म्हणजे तोच.

"महाराजांच्या गादीवर हा घागरेवाला कोण?" सासरे कडाडले.

"आजोबा, तो घागरा नाहीये!" लेकीचा चेहरा पडला. "तुम्ही आधी त्याची स्टोरी ऐका ना. मग काढा."

मला सासऱ्यांचा रागच आला. "मी नक्की कुठली, इथली की तिकडची?" असं विचारून ही पोर वर्षभर माझं डोकं खात होती. आज आजोबा त्या बाहुल्याचं काय करतात त्यातून तिला उत्तर मिळणार होतं, आणि ते भलतंच मिळेल अशी मला धास्ती वाटत होती.

"तो किंगसाठी लढत होता. त्याची आर्मी खूप छोटी होती. पण तो स्नोमध्ये डोंगर क्रॉस करून आला, एनिमीला कळलंच नाही!"

सासऱ्यांनी खुर्ची ओढली. "अगं, हा तर गनिमी कावा! बर्फात खाल्लं काय त्यांनी?"

"कोल्ड ओट्स."

"अरेरे. पुढे?"

पुढे पराभव. जीव वाचवायला ज्याच्या आसऱ्याला गेला, त्यानेच त्याला पकडून दिलं. मग फाशी. आणि फाशीला जाताना हा गडी उंची कपडे घालून, नटूनथटून गेला.

"फितुरी," सासरे पुटपुटले. "म्हणजे इथेही." मग त्यांनी बाहुला उचलला.

"हे राजे नव्हेत, राजासाठी लढले. तेव्हा गादी नको. यांची जागा महादरवाजात. किल्लेदार!"

संध्याकाळी फराळाला मंडळी आली. त्यातल्या एका काकूंनी दरवाजाशी वाकून हसत विचारलं, "हे कोण बाई पाहुणे?"

लेकीने तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "पाहुणे नव्हेत. आमचे आहेत."