रेशमी पोशाखाची घडी

ती घटना आठवली की अजूनही माझा हात आखडतो. कुणाच्या पेटीला हात लावण्याआधी मी थबकतो. बायकोला वाटतं, वयामुळे. खरं कारण मी तिलाही आजवर सांगितलेलं नाही.

हा तपास माझ्या नोकरीतला नव्हे. बायकोची बँकेतर्फे तोक्योला बदली झाली तेव्हा मी पोलीस खात्यातून मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि आम्ही निशी-कसाईला, तिथल्या भारतीय वस्तीत, राहायला आलो. २०११च्या मोठ्या भूकंपाला तेव्हा काही वर्षं उलटली होती. मी भाजी आणायचो, कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत भरायचो. पण अंगातलं पोलीस ठाणं जात नाही. आपल्या लोकांत कुणाची सायकल गेली तरी 'साहेबांना विचारा' व्हायचं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

जवळच्याच उरायासु गावात एका वयस्क जपानी बाईंचं लग्नाचे पोशाख भाड्याने देण्याचं दुकान होतं. भूकंपात तिथली जमीन चिखलासारखी ढवळली होती. दुकान एका बाजूला कललेलं, भिंतीला तडा. त्यांचा एक जुना पोशाख नाहीसा झाला होता. संशय दुकानात शिवणकाम करणाऱ्या आपल्या एका मराठी बाईवर. पोलिसांत गेलं तर तिच्या नवऱ्याच्या व्हिसाचं काय होईल, या काळजीने मालकीणबाई अडल्या होत्या. म्हणून कुणीतरी मला नेलं.

मालकीणबाई पूर्वी पोशाख खरेदीला इंग्लंडला जात, त्यामुळे इंग्रजी बोलत. मी सवयीने जबाब घ्यायला बसलो.

"वर्णन सांगा."

"व्हिक्टोरियन काळातला. दुधाळ रेशीम, बाह्या खांद्याशी फुगीर. घागरा एक, पण चोळ्या दोन. चर्चसाठी बंद गळ्याची, रात्रीच्या मेजवानीसाठी मोठ्या गळ्याची. तेव्हाच्या नवरी मुली लग्नानंतरही तो पोशाख वापरायच्या. वर नारिंगीच्या फुलांच्या मेणाच्या कळ्या."

"भाड्याने किती वेळा गेला?"

"कधीच नाही. मुलीसाठी होता."

मुलगी उत्तरेकडे किनाऱ्यावरच्या गावात शिक्षिका होती. लग्न ठरलं होतं. सुट्टीला आली तेव्हा तिने तो घालून पाहिला, कंबरेत बसेना. "आई, त्या बायका जेवायच्या की नाही?" म्हणून हसली, घडी घालून पेटीत ठेवला आणि परत गेली. मग तो भूकंप झाला, त्सुनामी आली. ती सापडली नाही.

"पेटी परत मिळू दे," बाई म्हणाल्या. "मला बाकी काही नको."

मी मान डोलावली. 'पेटी' म्हणाल्या, 'पोशाख' नव्हे. हे तेव्हाच टिपायला हवं होतं.

खबर मिळाली ती आपल्या वाणसामानाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "साहेब, त्या शिवणवाल्या वहिनी बघा. परवा ढीगभर लवंगा नेल्या. म्हटलं, बिर्याणी का? तर म्हणाल्या, नाही हो. आणि विचारतात काय, कुणाकडे मलमलचं जुनं धोतर असेल का! जपानमध्ये धोतर!"

तो हसत होता. मी नाही हसलो. माझी आई पैठणी अशीच ठेवायची, जुन्या मऊ धोतरात गुंडाळून, लवंगांची पुरचुंडी घालून.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईच्या घरी गेलो. तिशी-पस्तिशीची, घाबरलेली.

"दादा, चहा टाकते."

"चहा नंतर. पोशाख कुठे आहे?"

तिची नजर भिंतीतल्या कपाटाकडे गेली. चोराची नजर मालाकडे जातेच. मी कपाटाचं दार सरकवलं. अंथरुणांच्या वर पेटी होती.

"दादा, थांबा, आधी माझं ऐका."

"आधी मुद्देमाल. मग जबाब."

मी झाकण काढलं आणि पोशाख बाहेर ओढून पलंगावर पसरला. चोळ्या मोजल्या, दोन. कळ्या जागेवर. रेशीम दुमडीवर थोडं चिरलं होतं. माल तोच. मला विजयी वाटलं.

बाई पलंगाजवळ आली. "मी पण उघडला नव्हता हो," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. मालकीणबाई पितरांच्या दिवसांत मुलीच्या गावी गेल्या होत्या. भिंतीच्या तड्यातून पाणी पेटीपर्यंत आलं, म्हणून तिने ती घरी आणली. रेशमाची घडी अधूनमधून मोडून वेगळी घालायची, नाहीतर ते दुमडीवर चिरतं, हे आपल्या घरात पोरींनाही ठाऊक असतं. तिने मालकीणबाईंना कितीदा सांगितलं होतं. त्या हात लावू देत नसत. लवंगा आणल्या, धोतर शोधलं, आणि पेटीपुढे बसल्यावर तिला उमगलं, त्या का लावू देत नव्हत्या. "ती घडी त्यांच्या मुलीच्या हातची होती, दादा. माझा हात धजावेना." पेटी परत ठेवण्याआधीच मालकीणबाई आल्या, चोर म्हणाल्या, आणि हिची वाचाच बसली.

मालकीणबाईंना मीच बोलावलं. शिवणवालीने काही बोलण्याआधी मी सांगितलं, घडी मी मोडली. त्या ओरडल्या नाहीत. शिवणवालीला वाकून क्षमा मागितली, मग पलंगापाशी गुडघे टेकून बाह्या आत दुमडल्या, पुन्हा उलगडल्या, वर घेतल्या. घागरा तिहेरी केला, थांबल्या.

"बाह्या आत होत्या की वर?" त्यांनी शिवणवालीला विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पोलीस होतात ना? तुम्ही पाहिलं असेल."

मी काहीच पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी घडी घातलीच नाही. पोशाख दोन्ही हातांवर घेऊन तशाच टॅक्सीत बसल्या. रिकामी पेटी शिवणवालीने मागोमाग नेऊन दिली.

वस्तू आहे तशी आधी लिहायची, मग तिला हात लावायचा. पंचनाम्याचा हा पहिला नियम मी नव्या पोरांना ओरडून शिकवला. त्या दिवशी मला माल हवा होता, म्हणून मी तो विसरलो. गेलेली वस्तू म्हणजे कधी कधी ती कशी ठेवली होती तेवढंच असतं, हे मला या तपासाने शिकवलं. माझ्या शिकण्याचा त्या बाईंना काही उपयोग झाला नाही.

आईची पैठणी तिने घातलेल्या घडीतच आमच्या कपाटात आहे. बायको म्हणते, "घडी बदलायला हवी, चिरेल ती." तिचं बरोबर आहे. मी 'बघू' म्हणतो आणि कपाट लावून घेतो.