आयनांची शर्यत आणि आभाराची ओळ

श्रीमद्गोमतीतीरनिवासी, सूचनाफलकवाचनधुरंधर, पोहेप्रिय मराठी मंडळबंधुभगिनींनो!

वायूतून धावणाऱ्या आयनांपैकी कोण आधी पोहोचेल, हे पंचकार्डांवर भोके पाडून, ती संगणकाला भरवून, त्याच्याकडून वदवून घेण्यात माझी दोन वर्षे व्यतीत झाली. आज सकाळी ते गणित प्रयोगाशी तंतोतंत जुळले. दुपारी विभागप्रमुखांनी शोधनिबंध टंकलिखित करून आणलाही. लेखक एकटे तेच!

“सर, मेरा नाम?”

“है ना, जोशीजी! आभार में देखिए.”

तेथे लिहिले होते : ‘पंचकार्डे संगणककेंद्रात वाहून नेल्याबद्दल.’

विद्वत्तेचे हे हमालीत झालेले रूपांतर मी “जी, सर” म्हणून गिळले. आपल्या कार्यालयांतही अशीच गुणग्राहकता नांदते काय?

शिवाय, ती कार्डे त्यांनी खोक्यासकट नेली. खोका माझ्या नव्या बुटांचा आहे. तो आता मागावा कसा?